आमची बाजू, त्यांच्याच पेपरात

बडोदे स्टेशनावर सोडायला आई एकटी आली. बाबा आले नाहीत. हेतलबरोबर, म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबरच जन्म काढायचाय, हे मी त्यांना आठवड्यापूर्वी सरळ सांगितलं होतं. "आपले पूर्वज फौजेत होते. आपल्यात कोणी पळून गेलेलं नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "पळत नाहीये, रिझर्व्हेशन केलंय." आईने थेपल्यांचा डबा खिडकीतून हेतलकडे दिला आणि मला बजावलं, "पोचलीस की फोन कर. आणि पेपरात येऊ नकोस."

पेपरात मी आलेच. पाणीगेटकरांनो, बडोद्यातल्या माझ्या गल्लीवाल्यांनो, तुम्ही वाचलंच असेल.

कोर्टाने आमच्यासारख्यांना गुन्हेगार म्हणणं थांबवलं, तेव्हा आम्ही पुण्यात वन रूम किचनमध्ये राहत होतो. घरमालकिणीला सांगताना 'रूममेट'. आठवडाभर कॉल सेंटरची शिफ्ट, रविवारी पत्रकं वाटायची. तेवढ्यात बडोद्याच्या एका पेपराने अलकापुरीतल्या हॉटेलात चर्चा ठेवली: दोन बायकांचं लग्न असावं का? आम्ही रजा टाकून गेलो. विरोधात पाच जण बोलले, बाजूने मी एकटी. दवाखान्यात सही कोणाची चालणार, एकीच्या मागे दुसरीला घरात राहता येणार का, एवढंच मी विचारलं. तेही बसून.

दुसऱ्या दिवशी पानभर त्या पाचांची भाषणं. आमच्या वाट्याला एक ओळ: काही तरुणींनी घोषणा देऊन गोंधळ घातला. घोषणा एकही झाली नव्हती. शेजारी तोंड वासलेला माझा फोटो, खाली 'संतप्त'. मी त्या क्षणी माइक चालू आहे का, असं विचारत होते.

जाब विचारायला गेले तर संपादक म्हणाले, "बेन, अमे तो बॅलन्स राखीए. फोटो तर तुमचाच सगळ्यात मोठा छापलाय ने."

बाबांनी माझे फोन घेणं बंद केलं. आई म्हणाली, "ते म्हणतात, बाकीचं एक वेळ समजून घेतलं असतं. भर सभेत धिंगाणा घालायला शिकवलं नव्हतं." हे लागलं. कायदा आज ना उद्या बदलेल, पण माझ्याच बापाने माझ्यापेक्षा त्या एका ओळीवर विश्वास ठेवायचा?

पत्रक लिहिणं मला येतं. माझं भाषण जसंच्या तसं छापलं, एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला मराठी, खाली दोघींची नावं. रजा वाढवली आणि गठ्ठा घेऊन पहाटे आम्ही रमणकाकांकडे गेलो. पाणीगेटात पेपर टाकतात ते. साडीच्या सेलची, क्लासेसची पत्रकं पेपराच्या घडीत सरकवायची, ही त्यांची रोजची रीत.

"लग्ननुं छे? चालशे, सीझन आहे," ते न वाचताच म्हणाले.

"काका, आधी वाचा."

उभ्यानेच त्यांनी सगळं वाचलं. मग म्हणाले, "यात शिवी तर एकपण नाही. आटलुं सीधुं छापायला त्यांना काय नडतं?" आणि स्वतः घड्या उघडायला बसले.

ज्या पेपराने आम्हाला एक ओळ दिली, त्याच्याच पोटात बसून आमचं अख्खं पान त्या सकाळी घराघरात पोचलं. रमणकाकांची सायकलही त्याच पेपराने दिलेली.

बाबांनी ते मकरपुऱ्याला जाताना कंपनीच्या बसमध्ये वाचलं. संध्याकाळी फोन आला.

"तू घोषणा दिल्याच नव्हत्यास?"

"नाही, बाबा."

"मग लेकाच्यांनी छापलं कसं?"

पुढे अर्धा तास ते पेपरावर तापले होते आणि मी सुखाने ऐकत होते. त्यांनी संपादकाला खरमरीत पत्र टाकलं. अर्थात छापलं नाही. तेव्हा झेरॉक्स काढून बाबा स्वतः रमणकाकांकडे गेले.

लग्नाचा हक्क अजून मिळायचाय. पेपरही सुधारलेले नाहीत. माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, तुझं घर आता कुठलं, पुणं की बडोदं? मी त्यांना गेल्या महिन्यातला फोन सांगते. सकाळी सात वाजता बाबा म्हणाले, "आज परत काहीतरी आलंय तुमच्यावर. हेतलला पण उठव. मी अजून वाचलं नाही, आधी तुम्ही सांगा काय झालं ते."