एवढ्याशा वारेवर

लिफ्ट दुरुस्त करणारी बाई त्या सगळ्या भागात एकच, म्हणून लोक तिला सरळ लिफ्टवालीच म्हणत. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाशी ती बाहेरून अशा काही गप्पा मारी, की तो घाबरायचंच विसरे. लग्नानंतर तिच्या दोन्ही किडन्यांनी मान टाकली, तेव्हा थोरल्या नणंदेनं आपली एक देऊन टाकली. शरीरानं ती किडनी परकी म्हणून हुसकून लावू नये, यासाठी रोजच्या गोळ्या मागे लागल्या. काही वर्षं सगळं सुरळीत चाललं, आणि मग तिनं मुलाचं मनावर घेतलं.

नवऱ्यानं धास्तीच घेतली. "बरं चाललंय ना? कशाला नसता घोर?"

"किडनी माझी आणि धाकधूक तुला?" नणंद भावावर डाफरली. "आधी डॉक्टरीणबाईंना विचारा तरी!"

डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. "यातल्या एका गोळीनं गर्भात व्यंग येऊ शकतं. आधी ती बंद करून दुसरी देते. किडनीला ती मानवली, तरच पुढचं बोलू."

लिफ्टवालीनं घाई केली नाही. नवी गोळी मानवली, तपासण्या चांगल्या आल्या, तेव्हा कुठे होकार मिळाला. आणि यथावकाश तिला दिवस गेले.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पहिल्यापासून चालू असलेल्या एका गोळीचा डोस चक्क वाढवला. नवरा ताडकन उठला. "अहो, बाळाच्या अंगात जाईल ते! उलट बंदच करा ना."

"गरोदरपणात हे औषध रक्तात कमी उरतं, म्हणून वाढवलं. बाळाला नाळेवाटे पोसणारी जी वार असते, तिच्यातून थोडं त्याच्याकडे जातंच. पण बंद केलं आणि किडनी गेली, तर बाळ कुणाच्या जिवावर वाढेल?"

लिफ्टवालीनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "मी एकही गोळी चुकवणार नाही," ती म्हणाली. विषय संपला.

सातव्या महिन्यात मात्र सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे पडलेली दिसली. वारेतून रक्त पुरेसं पोचत नव्हतं. तिचा रक्तदाबही वर सरकला, म्हणून तिला दाखल करून घेतलं. तिथं पहिल्यांदाच ती घाबरली.

"ताई, माझ्या हट्टापायी बाळ उपाशी तर नाही ना राहत?"

"लाथा मारतंय ना?" नणंद तिची वेणी घालत म्हणाली. "मग त्याला विचार. मला काय विचारतेस!"

आठवा सरता सरता डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, की बाळ आता आतल्यापेक्षा बाहेरच सुखरूप. पोट उघडून मुलगी काढली. जीव एवढासा, पण रडणं जिन्यात बसलेल्या आत्यापर्यंत पोचलं.

लिफ्टवालीनं वार पाहायला मागितली. ती लहानखुरी होती, जागोजागी पांढरट, कडक झालेली.

"इथं रक्त पोचणं थांबलं होतं," डॉक्टरीणबाईंनी दाखवलं. "औषधांमुळे, रक्तदाबामुळे की किडनीमुळे, ते नुसतं बघून सांगता येत नाही. तपासायला पाठवते."

"जरूर पाठवा," ती म्हणाली. "पण एवढ्यावर निभावून नेलं की पोरीनं!"

पोर काही आठवडे काचेच्या पेटीत राहिली, दूध ओढायला शिकली, अंग धरू लागली. घरी न्यायच्या दिवशी बाप तिला घेऊन इतका ताठ चालला, की मानही वळवेना.

"अरे, श्वास घे," त्याची बहीण म्हणाली. "ती घेतेय."