बाळंतिणीच्या वाट्याचं तेल

माझं दुसरं बाळंतपण सासरी झालं, मोताळ्याजवळच्या खेड्यात. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. राज्य नवं होतं, पण आमच्या घरात हुकूम सासूबाईंचाच चालायचा.

थोरल्या जाऊबाईंना मूल नव्हतं. माझं सगळं त्याच करत. पण त्याच महिन्यात कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन येताना त्या नाल्यात घसरल्या आणि उजवा खांदा दुखावला. हळदीचा लेप झाला, पायाळू माणसाचा पाय लावून झाला, तरी हात छातीच्या वर जाईना. विहिरीवर पोहरा ओढता येईना. वेणीसुद्धा शेजारीण घालून द्यायची. सासूबाईंनी ठरवून टाकलं, बारसं झालं की हिला माहेरी धाडायचं, हात बरा झाला की बघू. ते 'बघू' आम्हा दोघींना चांगलं कळत होतं. मूल नाही आणि आता हातही नाही, अशा बाईला परत आणायला कोण गाडी जुंपतं?

मी म्हटलं, माझं अंग चोळायला दाई येते, तिच्याकडून खांदा चोळून घ्या. त्या लाजल्या. मालिश करायची ती बाळंतिणीची, नाहीतर पैलवानाची. बाकीच्या बायांनी अंग चोळून घेणं म्हणजे चोचले. शिवाय बाळंतिणीचं तेल वांझेला लावलं तर बाळाला बाधतं, असंही म्हणत. म्हणणाऱ्यांचं मला आजही हसू येतं, आणि रागही.

एक सोय मात्र होती. सोयर फिटेपर्यंत सासूबाई बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडत नसत. सोवळं त्यांचं, फायदा आमचा. माझं अंग चोळून झालं की मी दार लोटायला सांगायची आणि बाजेवर सरकून जाऊबाईंना जागा करून द्यायची. पहिल्या दिवशी दाईनं आधी खांदा नीट चाचपला. हाड शाबूत आहे, नुसतं मांस आखडलंय, म्हणाली. मग कोमट तिळाचं तेल घेऊन मानेपासून दंडापर्यंत अंगठ्यानं दाबत गेली. घाई नाही, हिसका नाही. जाऊबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, तेव्हा लय दुखते काय, असं तिनं विचारलं.

"दुखत नाही वं," जाऊबाई म्हणाल्या. "माय गेल्यापासून माह्या आंगाले कोनाचा हातच लागला नोता."

मला रडू आवरेना. बाळाला पदराखाली घेऊन मी भिंतीकडे तोंड केलं.

आधी हात कानापर्यंत गेला, मग अंबाड्यापर्यंत. एका सकाळी त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली. वाकडी होती, पण आम्ही दोघींनी कौतुकानं पाहिली.

बारशाला पाळण्याच्या वरून बाळ देताघेताना वांझ बाईला कोणी उभं करत नाही. मी सरळ जाऊबाईंच्या हातात बाळ दिलं. जाऊबाईंनी दोन्ही हातांनी बाळ उचललं आणि पाळण्यावरून पलीकडे दिलं. सासूबाई एकटक त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होत्या.

"माहेरी जायाचं राहू दे आता," त्या म्हणाल्या. "माह्या नातवाले कोन सांभायल?"

दाई घरी निघाली तेव्हा मी तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. बाया हसल्या. हसू देत. त्या हातांनी माझी जाऊबाई माझ्या घरात ठेवली होती.