मातेला दिलेला शब्द

जाऊबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरच्या बाजारात पालक विकत होते. शिरपूरला माहेरी गेलेली बाई, जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही... ‘बरं’ म्हणून मी फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला जुडी दिली. रडू मागाहून आलं.

नात्यानं ती माझी मोठी जाऊ, पण माझ्या गौरीची ‘मोठाई’. बोलणं फटकळ, देवदेव भारी. घरात मातेचं, देवीचं पूजापथ्य सगळं तिच्याकडे. गौरी पहिलीत असताना तिच्या पायांवर लाल-जांभळे ठिपके उठले, घोटे सुजले, पोट दुखायला लागलं. सासूबाईंनी बघितलं न बघितलं तोच निकाल दिला, माता आली, गोवर-कांजिण्यांची देवी अंगावर आली. मग उशाला कडुलिंबाचा पाला आणि सुई-औषध बंद. माता अंगावर असताना सुई टोचली तर ती कोपते, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. गौरी पोट धरून गुडघ्यात दुमडायची. एका सकाळी तिला शौचातून रक्त पडलं. मी दवाखान्याचं नाव काढलं, तर सासूबाई दारात आडव्या बसल्या.

जाऊबाई उठली. मातेला निरोप द्यायचा दिवस अजून लांब होता. तिनं दहीभात कालवला, लिंबाखाली ठेवला, पाणी सोडलं आणि भांडल्यासारखी बोलली, ‘‘माय, तू आता घरी जाय. पोरीले मी दवाखान्यात नेऊन राह्यली. राह्यलेलं तुहं सारं पथ्य मी जलमभर पाळीन, पोरीले हात नोको लावू.’’ निरोपच दिल्यावर सासूबाईंना अडवायला जागा उरली नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी ठिपक्यांवर काच दाबली; ठिपके गेले नाहीत. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आहे, म्हणाले, आणि पायावर दिसते तीच आत आतड्यालाही. सोनोग्राफीत दिसलं, सदऱ्याची बाही आत उलटावी तसं आतडं आतड्यात शिरलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर तो भाग सडला असता. आतडं कापावं लागलं नाही. मग सूज उतरायची औषधं, आणि दुखणं मूत्रपिंडावर तर गेलं नाही ना म्हणून कित्येक महिने लघवी तपासणं. प्रत्येक खेपेला जाऊबाई सोबत.

माता घरात असली की फोडणी देत नाहीत. जाऊबाईनं आपल्यापुरती ती कायमची सोडली. मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. एकदा म्हटलं, ‘‘बाई, माता नव्हतीच ते. डॉक्टरनं सांगतलं नं तुमाले?’’

‘‘नसन. पन मी तं तिलेच शब्द देल्ला. अन् पोरीले सांगू नोको, उगाच तिच्या घशात घास अटकन.’’

गौरीला वाटायचं, मोठाईला तिखट सोसत नाही.

परवा वरण शिजलं आणि फोडणीआधी मी एक वाटी बाजूला काढली. हाताला सवय... परत पातेल्यात ओतवेना. बाई गेली हे तेव्हा खरं कळलं. गौरी आता कॉलेजात जाते. तिनं ती वाटी ओढून एक घास खाल्ला.

‘‘किती फिकं आहे व आई! मोठाई काहून खाये हे?’’

मी तिला सांगितलं.  तिनं ती वाटी पुसून खाल्ली.