भागूबाईच्या पंगतीला कोण बसणार?

अन्याय झाला तो सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या भागूबाई विणकरणीवर. झाला गेल्या नागपंचमीला, सकाळी, ऊन तापायच्या आत. भर गल्लीत तिच्या थोरल्या मुलाने, धोंडिबाने, तिच्या हातातला सुताला खळ लावायचा कुंचला हिसकावून घेतला आणि तिला दंडाला धरून घरात ढकललं. तिचा गुन्हा एवढाच, की तिला पुन्हा लग्न करायचं होतं.

ही हकीकत आमच्या पुण्याच्या विधवाविवाह मंडळात एका सोलापूरकर गृहस्थाने सांगितली. विधवेचं वय त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. विधवा म्हटली की ती विशीतली, नाजूक आणि खिडकीशी रडत बसलेली असायची, हे आमच्या पत्रकांवरच्या चित्राने कधीच ठरवून टाकलंय. मी पत्रकांचा गठ्ठा बगलेत मारला आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शिरलो.

भीमा ओलांडली तशी जमीन उघडीबोडकी होत गेली. भादवा चालू असून ओढे कोरडे, आणि माळावर मेंढ्या दगडांतून गवत शोधत होत्या. समोर वळसंगचा एक मेंढपाळ बसला होता. त्याने फडक्यातली भाकरी मोडून निम्मी माझ्या हातात ठेवली.

"कुटं निघालासा?"

"सोलापूरला. एका बाईचं लग्न लावायला."

"तुमचं झालंय?"

"नाही."

"मग आदी सोताचं बगा की!" अख्खा डबा हसला. मी भाकरी खाल्ली. तिच्यावरची शेंगाची चटणी (भाजलेल्या शेंगदाण्याची, लसूण आणि लाल तिखट घालून कुटलेली) अशी जहाल, की त्याच्याच तांब्यातलं पाणी मागून प्यालो.

सोलापूर स्टेशनावर पोलिसाने अडवलं. तीस सालचा लष्करी कायदा उठून वर्ष होऊन गेलं, तरी या गावात खादी घातलेला आणि छापील कागद बाळगणारा माणूस दिसला की शिपायाचे हात शिवशिवतात. त्याने पत्रक उलगडलं, ओठ हलवत वाचलं आणि जमादाराला ओरडून सांगितलं, "काय न्हाय सायेब, लगीन लावा म्हंतोय!" सरकारला माझ्यापासून काडीचा धोका नाही, हे मला इतक्या मोठ्याने कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत गेलो. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून बांधलेलं होतं आणि त्याची पांजणी (सुताला खळ लावणं) चालली होती. एक माणूस इकडून, एक तिकडून, दोघे समोरासमोर कुंचला ओढत बरोबरीने पुढे सरकतात. एक रेंगाळला की खळ वाळते आणि सूत चिकटतं. सगळीकडे जोड्या होत्या. फक्त एका ठिकाणी एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा एकटाच एका बाजूने जाई, वळसा घालून दुसऱ्या बाजूने येई आणि चिकटलेले धागे नखाने सोडवत बसे.

मी पत्रकं वाटायला सुरुवात केली. "विधवेलाही पुन्हा संसार मांडण्याचा हक्क आहे!"

"व्हय की," एक बाई म्हणाली. "आमच्यात पाट (विधवेचं दुसरं लग्न) हायच. माजी आई पाटाचीच. तुमच्यात न्हाय व्हय? अगं बाई!" आणि तिने माझ्याकडे अशा कीवेने पाहिलं, की पत्रक मलाच परत घ्यावंसं वाटलं.

मग भागूबाईचं अडलं कुठे, म्हणून मी तिच्या दाराशी गेलो. दारात एक पिकल्या केसांची आजी नातवंडाचं नाक पुसत होती.

"आजी, भागूबाईला बोलवता का?"

"मीच की. बस, दादा. पानी देऊ?"

मी उभाच राहिलो. पत्रकावरचं चित्र तिला दिसू नये म्हणून गठ्ठा उलटा धरला. तिने तरी पाहिलं. "ही कोन? लई नटलीया. हिला नवरा मिळंल बाबा, हिच्यासाटी कशाला हिंडतोस?"

नवरदेव म्हणजे तो पांढऱ्या मिशांचा शिवराम. त्याची बायको गेली, हिचा नवरा गेला, तेव्हापासून दोघे एकमेकांच्या सुताची पांजणी करत आले होते.

"मानूस बरा हाय?" मी विचारलं.

"घोरतो म्हन्त्यात. पर मी थांबले की थांबतो. लई वर्सं बगतीय. हितं घरात माज्यासाटी कोन थांबतंय?" मग आवाज खाली न आणताच म्हणाली, "मरायच्या आदी एका चुलीवर जेवावं म्हन्ते. चोरून न्हाय. पाट लावून."

आतून सून रखमा कडाडली, "आत्याबाई गेल्या तर पोरं मी संभाळू का कांड्या (विणायच्या सुताच्या नळ्या) भरू?" म्हणजे अब्रूच्या बुडाशी कांड्या होत्या! धोंडिबाने मात्र तोंडाने अब्रूच सांगितली. "पोरी लग्नाला आल्यात माज्या. आन् आजी बाशिंग बांदनार? लोक थुंकतील."

लोकांचं सांगू नका. याच गल्लीत साठी उलटलेल्या एका दुकानदाराने सोळा वर्षांची पोर करून आणली, तेव्हा याच लोकांनी बोटं चाटून जिलबी खाल्ली. पुरुष साठीला नवरदेव होतो. बाई तिशीत सासू, चाळिशीत आजी, आणि पुढे मरेपर्यंत घरातली कांड्या भरणारी. तिच्या वयाच्या पायऱ्या दुसरे चढवतात आणि वर पोचली की शिडी काढून घेतात!

दुपारी पंचांतले थोरले तात्या यांच्या ओसरीवर बैठक बसली. शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची रस्सेदार वेटोळी) खात तात्यांनी निवाडा दिला. "रीत अशी हाय, भागू. पंगत उटली की पाट लागला. पानं रिकामी ऱ्हायली तर तू ठेवलेली बाई. आन् तुज्या पंगतीला गल्लीतलं कोन बसनार न्हाय."

भागूबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. "भायरची मानसं जेवली तर?"

"भायरची कोन?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "ही पुन्याची."

तात्यांना ठसका लागला. "पुन्याची मानसं विनकराच्या दारात जेवनार? जेवली तर मी सोता वाढीन, जा!"

ओसरी हसली. मीही उसनं हसलो. भागूबाई हसली नाही. "समद्यांनी आयकलं न्हवं?" म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दादा, पाट रातच्याला लावत्यात. मला रातचं दिसत न्हाय. मानसं दिवसा घिऊन ये. कोन कोन आलं ते बगायचंय मला."

पुण्याला परतलो आणि मंडळात सगळं सांगितलं. चिटणीस खोकले. आपलं कार्य तरुण विधवांसाठी आहे, म्हणाले, या वयात हे शोभत नाही. मी म्हटलं, शोभेचं राहू द्या, जेवायला कोण येतंय? एकाला पित्त उठलं. एकाला एकाएकी एकादशी आठवली. विधवाविवाहावर तासभर बोलणाऱ्या एका वक्त्याने विचारलं, "स्वयंपाक कोण करणार आहे?" मी सांगितलं, नवरी. ते चष्मा पुसू लागले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की आम्ही बायकांना मोकळं करतो ते त्या चित्रात बऱ्या दिसतात तोवरच. प्रवास केला तो एवढं शिकायला.

तेव्हा वाचकहो, टाळ्या आणि अभिनंदनाची पत्रं घरीच ठेवा. पानं पडणार आहेत तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, शुक्रवार पेठेत, शिवरामच्या दारात. मी बसणार आहे, पण एका पानाची पंगत होत नाही. तुम्ही या. मांडी घालून बसा, भागूबाईच्या हातचं जेवा आणि ती बघत असेल तेव्हा मान वर ठेवा.