तळेघरचं धुकं

माझ्या तळेघरच्या आत्याने सह्याद्री जसा आहे तसा आजवर कुणालाही बघू दिलेला नाही. पाहुणा येणार म्हटलं की ती आधी घर झाडते, मग अंगण, मग पायवाट, आणि त्यातून पाहुण्याची गाडी चुकली तर तिचा खराटा समोरच्या डोंगराच्या पायथ्याला जाऊन भिडलेला असतो. सत्तरी ओलांडलेली ही बाई एकटी राहते, भाताची चार खाचरं स्वतः करते, आणि आपलं गाव परक्याच्या नजरेला पारोसं दिसू नये ही जबाबदारी सरकारने लेखी आदेश काढून आपल्यावर टाकली आहे अशा थाटात वागते. अशा बाईच्या दारात मी निसर्गाचे फोटो काढायला गेलो, यावरून माझ्या अकलेचा अंदाज वाचकांनी बांधावा.

मी जुन्नरला शाळेत भूगोल शिकवतो. चाळिशी उलटल्यावर शहाणी माणसं गुडघ्यांना तेल लावतात; मी निसर्गछायाचित्रणाचा वर्ग लावला. बाजारपेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी तो भरे. अकरा खिशांचं जाकीट मी पहिल्याच आठवड्यात घेतलं आणि शटर कशाला म्हणतात ते पाचव्या आठवड्यात शिकलो. वर्गात आम्ही आठजण. त्यांतल्या एका मुलीला मी नववीत भूगोलात नापास केलं होतं. तिचे फोटो वर्ग घेणारे सर भिंतीवर लावत आणि माझे परत देत. सर स्वभावाने वाईट नव्हते, फक्त खरं बोलायचे. "तुमच्या फोटोत सगळं आहे हो. दिसत काहीच नाही," असं त्यांनी मला भर वर्गात सांगितलं. शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं की फाल्गुन संपायच्या आत एक तरी असा फोटो आणा, ज्यात डोंगरामागे डोंगर उभा आहे हे कळेल, नाहीतर पुढच्या तुकडीत पुन्हा बसा. पुढच्या तुकडीत माझ्याच दहावीतल्या दोन पोरांनी नावं नोंदवली होती. त्यांच्या शेजारी बसून नापास मास्तर म्हणून शिकायचं, या कल्पनेने माझी अन्नावरची वासना उडाली.

म्हणून मी दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की घोडेगावला गाडी बदलून तळेघर गाठायला लागलो. पहिल्या खेपेला मला एक झकास जागा सापडली. ढासळलेला बांध, त्यावर वाळकी काटेरी झुडपं, कडेला चिखलाने माखलेली म्हातारी म्हैस आणि मागे डोंगर. कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून मी चहा प्यायला घरात गेलो. परत येतो तर बांधाचे दगड नीट रचलेले, झुडपं गायब, आणि म्हैस आंघोळ करून, शिंगांना तेल लावून कॅमेऱ्याकडे तोंड करून बांधलेली. मी कपाळावर हात मारला. आत्याला वाटलं, मी डास मारला. दुसऱ्या खेपेला तिने चार घरी निरोप दिला की भाचा फोटो काढणार आहे. सकाळी बघतो तर छपरांवरचं निळं प्लास्टिक उतरवलेलं, वाळत घातलेले कपडे आत गेलेले आणि अख्खी वाडी नवे कपडे घालून अंगणात उभी. त्या सगळ्यांचे फोटो काढण्यात ऊन डोक्यावर आलं. ते फोटो चांगले आले, हे आणखी दुःख, कारण सर ते मोजायला तयार नव्हते. मी आत्याला परोपरीने समजावलं की बाई गं, मला डोंगर आहे तसा पाहिजे. तिला ते पटेचना.

"तोंड धुतल्याबिगर कोन फोटू काढतं का?" ती म्हणाली. "डोंगर झाला म्हनून काय झालं?"

तिसरी खेप शेवटची होती. शनिवारी संध्याकाळी भाकरी खाता खाता मी तिच्यापुढे लहान पोरासारखं रडगाणं गायलो. उद्या संध्याकाळी फोटो द्यायचा आहे आणि सरांच्या मते आता एकच गोष्ट मला वाचवू शकते, ती म्हणजे धुकं. धुकं असलं की डोंगर एकमेकांपासून सुटे दिसतात. आणि फाल्गुनात धुकं आणायचं कुठून? आत्याने दोनच प्रश्न विचारले. पहिला, तो सर तुला खरंच पोरांच्यात बसवील काय. दुसरा, धुकं केवढं लागतं. मीही असा शहाणा, की हाताने दाखवलं, खाचरांपासून निघून झाडांच्या निम्म्यापर्यंत आलं तरी बास. तिने मापटंभर तांदूळ सांगितल्यासारखी मान हलवली आणि भाकरी थापत बसली.

पहाटे मी वरच्या टेपाडावर कॅमेरा लावून बसलो. उजाडता उजाडता खाली खाचरांत काहीतरी पांढरं हललं. बघता बघता ते पसरलं, बांधावरून उतरलं, झाडांच्या निम्म्यापर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. वर कोवळं ऊन, खाली ती पांढरी घडी, आणि मागे डोंगर, त्यामागे डोंगर, त्यामागे आणखी एक डोंगर. मी चाळीसेक फोटो काढले. काढता काढता भूगोलाचा मास्तर जागा झाला आणि मी स्वतःला समजावून सांगू लागलो की जमीन पहाटे गार होते, हवेतली वाफ खाली साचते, म्हणून हे असं घडतं. सगळं शास्त्रशुद्ध सांगून झालं आणि मला जोराचा ठसका लागला. डोळे झोंबू लागले. धुक्याने ठसका लागत नाही, हे मी नववीला शिकवतो.

मी धडपडत खाली आलो. आत्या राबाच्या कडेने ओलं पोतं घेऊन फिरत होती आणि जिथे जाळ दिसेल तिथे पोतं दाबून तो नुसता धुमसत ठेवत होती. राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. तिथे शेण, पाला, गवत, वर माती असे थर रचायचे आणि पाऊस जवळ आला की वैशाखात भाजायचे, मग रोप जोमाने येतं. फार आधी भाजलं तर उन्हाळी वाऱ्याने राख उडून जाते आणि हाती काही राहत नाही. यावर मी परीक्षेत प्रश्न काढतो. आत्याने दोन महिने रानातून डोक्यावर पाल्याचे भारे आणले होते. आता तिचं तोंड काळं झालेलं, डोळ्यांतून पाणी वाहत असलेलं.

"पुरलं का, का त्या कडंनं बी लावू?" तिने विचारलं.

मी म्हणालो, आत्या, अगं हा राब होता. आता रोपाचं काय करशील?

"माझं मी बघंन. पोरांच्यात बसायला तू काय ल्हान हाईस व्हय?"

सरांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. धुकं फार छान पकडलंत, म्हणाले, आणि भिंतीवर त्या मुलीच्या फोटोशेजारी लावला. मी पास झालो. ते धुकं नाही हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि आभार मानून मिटलं. प्रमाणपत्र घरी दर्शनी भिंतीवर लावलं आहे. येणारे-जाणारे कौतुक करतात आणि मी ते करू देतो.

आषाढात मी आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, तळेघरला गेलो. कॅमेरा नेला नाही. आजूबाजूला सगळीकडे वीतवीत हिरवंगार रोप उभं होतं. आत्याचं पिवळं, विरळ, बोटभर. तीन खाचरांतच ते संपलं आणि चौथं नुसतं पाण्याने भरलेलं राहिलं. शेजारीण बांधावर थांबली. माझंबी संपलं, न्हायतर दिलं असतं, म्हणाली, आणि मग विचारलं की औंदा तुझं रोप असं कसं गं झालं. मी गुडघाभर चिखलात वाकलेला होतो तो तसाच वाकलेला राहिलो. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि आत्याची इतकी माया कधी आली नव्हती.

आत्याने मानसुद्धा वर केली नाही. "पाऊस उशिरा झाला न्हाई का औंदा," ती म्हणाली.

शेजारणीने आपल्या खाचराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि व्हय बाई, म्हणून ती निघून गेली. त्या वर्षी पाऊस अगदी वेळेवर झाला होता, आणि हे त्या बांधावर आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.