काचेच्या आतला गवई

ज्याचं गाणं त्याच्याच गाववाल्यांना ऐकू दिलं जात नाही, त्या गवयाचं कौतुक करायचं की कान उपटायचे?

दुबईतल्या बर दुबई भागातल्या एका हॉटेलात आमचा हा मालवणी मित्र इंग्रजी सोल गाणी, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांची आर्त गाणी, गातो. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, आणि जिथे जाईल तिथे एकच धोशा, "हबीबी, एसी बंद कर." दोन गाण्यांच्या मध्ये तो आपल्या लाडक्या अमेरिकन गायिकेची कहाणी सांगतो. ती कापूस वेचणाऱ्यांच्या चर्चमध्ये गायला शिकली. पुढे मोठं नाव झालं, तरी जिथे काळ्यांना आत घेत नसत तिथे ती गायली नाही. हे सांगताना याचा आवाज हटकून भरून येतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

गेल्या शुक्रवारी अल क्वोजच्या लेबर कॅम्पातून त्याचे चार गाववाले इस्त्रीचे शर्ट घालून आले. दारवानाने त्यांना बाहेरच अडवलं. याने ते काचेतून पाहिलं, डोळे मिटले आणि पुढची ओळ घेतली.

नंतर मी भडकलो. "तुझ्या त्या बाईने काय केलं असतं रे?"

"ती मोठी होती. माझो व्हिसा हॉटेलाच्या हातात आसा."

"मग कॅम्पात जाऊन गा. तिथे कुठलाय दारवान?"

"इन्शाल्ला, देवाच्या मनात असलां तर," म्हणाला आणि मफलर घट्ट केला.

मी तो निरोप पोचवला, आणि गाववाले अजून त्या शब्दावर विसंबून आहेत. तुम्ही त्या हॉटेलात गेलात, तर तो फर्माईश विचारेल. गाण्याचं नाव सांगू नका. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, "अल क्वोजला कधी गाणार?"