परातीवरचे ठोके

फुगडी थांबली तरी गिरकीमावशी हात सोडत नसे. बाकीच्या बाया थांबल्या की हात सोडायच्या, हसायच्या, भोवळ येते म्हणून भिंतीला टेकायच्या. मावशीसमोरची बाई मात्र धापा टाकत तशीच उभी राहायची, आणि मावशी तिची मनगटं धरून, डोळे मिटून, मान जराशी कलती करून बोटांनी काहीतरी ऐकत असायची. तिचे हात ऐन उन्हाळ्यातही विहिरीतून नुकत्या काढलेल्या कळशीसारखे गार असत. ते मनगटाभोवती आवळले की लहान मुली हसता हसता गप्प होत.

तुम्हा मुलांनी फुगडी पाहिलेली नाही, म्हणून आधी ते सांगते. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, हातांची फुली करून एकमेकींचे हात घट्ट धरायचे, पाय जुळवायचे, अंग मागे झोकून द्यायचं आणि गरगर फिरायचं. आमचं गाव शिरड शहापूरपासून दोन कोसांवर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. श्रावणात पंचमीला सासरच्या लेकी माहेरी येत, आणि प्रत्येकीने गिरकीमावशीबरोबर निदान दोन गिरक्या घेतल्याशिवाय तिची पंचमी झाली असं कोणी मानत नसे. मावशीचं खरं नाव शेवंताबाई. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, खुरपणीला आमच्या शेतात यायची. मी दहा-अकरा वर्षांची असताना ती साठीला आलेली असेल. पण फिरायला लागली की पदर खोचलेली एक उंच काठीच गरगरते आहे असं वाटे.

मनगट धरण्याची तिची एक ठरलेली रीत होती. अंगठ्याने ती शीर वरच्या बाजूला दाबायची आणि खाली दुसऱ्या बोटाने ठोका लागतो का ते बघायची. ठोका दाबल्या दाबल्या बंद झाला की म्हणायची, "दबली. जा." मग अंगठा उचलून, ठोके पुन्हा शांत चालू लागेपर्यंत थांबायची. पोरींना लवकर सोडायची, म्हाताऱ्यांना ताटकळत ठेवायची.

"मावशी, सोडा की. सोयरीक जुळवून राहिल्या का काय?" कोणीतरी टोमणा मारायचं.

"थांब गं," मावशी डोळे न उघडता म्हणायची, "रगत चरायला गेलंय. घरी येऊ दे."

रक्ताबद्दल ती नेहमी गुरांच्या भाषेत बोलायची. "लेकराचं रगत वासरावानी. हुंदडून जातं, हाक मारली की गोठ्यात हजर. तरण्या बाईचं गाईवानी, सावकाश येतं, पर येतं बराबर. म्हातारीचं म्हणशील तर म्हैस. एकदा डोहात बसली की उठायचं नाव न्हाई." म्हणून म्हाताऱ्यांनी खेळू नये असं मात्र तिचं म्हणणं नव्हतं. उलट, दारात बसून राहिलेल्या म्हातारीला ती हात धरून उठवायची आणि हळूहळू, बोलता बोलता फिरवायची. "बसून राहिली की शीर वाळती. वाळली म्हंजे सुतळी झाली. रोज थोडी गिरकी घ्यावी, आपल्या वयापरमाणं."

पुढे वाशीमला आणि नंतर कॉलेजात शरीरशास्त्राची इंग्रजी पुस्तकं वाचताना मला कळलं, की दाब मोजायचं यंत्र येण्याआधी जुने वैद्य शीर अशीच दाबून पाहत. श्रमाने दाब चढतो, थांबल्यावर उतरतो, आणि वयाबरोबर उतरायला वेळ लागतो, हेही त्यात होतं. मावशीला अक्षर येत नव्हतं. हे तिला कोणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं होतं. "हातात हात दिला की कळतंच की," ती म्हणाली. "लोक लवकर सोडून देतात, म्हणून कळत न्हाई."

गाव तिला भ्यायला लागलं ते पाटलीणकाकूंमुळे. काकू वयाने मावशीएवढ्या, अंगाने दुप्पट. एका पंचमीला सुनेशी पैज लावून त्या फुगडीला उभ्या राहिल्या. मावशीने मध्ये पडून त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "हळू फिरा, काकू. तुमची दबत न्हाई." काकूंनी हात हिसडला, "मोठी हकीमीण लागून गेली," म्हणाल्या, आणि सुनेबरोबर धूळ उडेपर्यंत फिरल्या. त्याच वर्षी थंडीत त्यांचं अर्धं अंग गेलं. तेव्हापासून बायांचं एकच म्हणणं झालं: मावशीने सांगितलं, म्हणून झालं.

आणि त्या परातीचं गूढ होतंच. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की मावशी आपल्या उंबऱ्यावर पितळी परात पालथी घालून बसायची आणि मधल्या बोटाने तिच्यावर ठोके द्यायची. त्या ठोक्यांत गाणं नव्हतं, भजनाचा ठेकाही नव्हता. हळू, एकसारखं, कुठे थोडं लंगडं. एकदा मी आणि आमच्याकडची कामाची राधाबाई तिच्या दारावरून चाललो होतो. तीन ठोके आणि एक जागा रिकामी, पुन्हा तीन आणि एक रिकामी, असं चाललं होतं. राधाबाई जागच्या जागी थांबली.

"मावशे, हे तर माझ्या सासूचं. तिची नाडी अशीच चुकायची. मी उशाशी बसून होते ना."

"व्हय, सोनाबाईचंच."

"तिला जाऊन तीन वर्सं झाली."

"मग?" मावशीचं बोट थांबलं नाही. "गेली म्हणून इसरू काय?"

राधाबाईने माझा दंड इतका करकचून धरला की घरी पोचेपर्यंत बोटांचे वळ होते.

मी बारा वर्षांची असताना माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ताई अठरा वर्षांची होती. सातवा महिना चालू होता, आणि पंचमी आली. आईने तिला नावापुरत्या दोन गिरक्या घ्यायला अंगणात उभं केलं. मावशीने तिला पाळण्यातलं मूल फिरवावं इतकं हळू, एकदाच फिरवलं आणि थांबली. मग मनगट धरलं. बाया गाणं म्हणत होत्या, त्या एकेक करून गप्प झाल्या. मावशी किती वेळ उभी होती ते मला सांगता येणार नाही. ताई हसत होती, मग तिचंही हसणं गेलं.

"आक्का," मावशी माझ्या आईला म्हणाली, "लेकीची शीर म्हातारीवानी झाली. दबत न्हाई."

अंगणात सगळ्यांना पाटलीणकाकू आठवल्या असणार. आई पुढे झाली, मावशीच्या हातातून ताईचा हात ओढून घेतला आणि म्हणाली, "माझ्या लेकीवर वाईट बोलायला आल्या का तुमी? पुन्हा ह्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

"ठेवत न्हाई," मावशी म्हणाली. "पर तिला पाणी शेंदू देऊ नका. जात्यावर बसवू नका. निजवून ठेवा आणि हिंगोलीच्या डाक्टरला दावा."

अण्णा, म्हणजे माझे वडील, शेताच्या कामासाठी परभणीला गेले होते. ते असते तर काय झालं असतं, याचा विचार मी आता करत नाही. आईने मात्र मावशीचं बोलणं खोटं पाडायचं ठरवलं. आमच्याकडे सगळ्या जाणत्या बाया सांगत, चालतीफिरती बाई लवकर सुटते. ते खोटं नव्हे. तुमच्या आईच्या वेळी डॉक्टरांनी मला तेच सांगितलं. पण ते सगळ्यांसाठी खरं नसतं. आईने ताईला दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे जात्यावर बसवलं. खुंट्याला तिच्यासमोर माझा हात असायचा.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताई दळताना थांबली. "डोकं ठणकतंय गं," ती म्हणाली. "आणि डोळ्यापुढं चांदण्या येऊन राहिल्या." तिचे पाय सुजून गुळगुळीत झाले होते. मी आईला हाक मारणार, तेवढ्यात तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "नको सांगू. आई घाबरती. मावशीचं खरं झालं म्हणंल."

मी सांगितलं नाही. हे मी आजवर तुमच्या आजोबांशिवाय कोणाला बोलले नव्हते.

अण्णा दहाव्या दिवशी आले, ताईकडे पाहिलं आणि पाय धुण्याआधी गाडी जुंपायला सांगितली. हिंगोलीच्या डॉक्टरांकडे लाकडी पेटीत पाऱ्याचं यंत्र होतं. त्यांनी ताईच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरली. पारा नळीत चढत गेला. डॉक्टरांनी हवा सोडली, यंत्रात बिघाड आहे असं समजून स्वतःच्या दंडावर लावून पाहिलं, आणि पुन्हा ताईला लावलं. मग आईला विचारलं, "घरी काय काम करत होती?"

"दळण," आई म्हणाली.

डॉक्टरांनी पट्टा सोडून पेटी मिटली. त्याच संध्याकाळी ताईला झटके आले. ती गेली, आणि मूलही.

आई वर्षभर कामापुरतंच बोलत असे. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती ओसरीवर डाळ निवडत होती. वाऱ्यावर परातीचा आवाज आला. सहा ठोके सरळ, कडक, खिळा ठोकल्यासारखे. सातवा घाईघाईने, आधीच्याच्या पाठीवर. मग जरा थांबल्यासारखं, आणि पुन्हा सहा. आईने सूप खाली ठेवलं आणि उठून चालू लागली. डोक्यावर पदर नव्हता, पायात काही नव्हतं. मी मागे धावले.

मावशीच्या उंबऱ्याशी आई उभी राहिली. "कुणाचं हे?" तिने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"तुमच्या लेकीचं. त्या दिवशी धरलं ते सोडलं न्हाई मी."

आई पायरीवर बसली. मावशी तिला एका शब्दाने काही बोलली नाही, सांगितलं होतं असंही नाही. थोड्या वेळाने आईने परातीच्या काठावर तळहात टेकला, ठोका हाताला लागावा म्हणून. ऊन भिंतीवरून उतरलं तरी दोघी तशाच होत्या.

"रोज आले तर चालंल का?" उठताना आईने विचारलं.

"या की."

आई पाच-सहा वर्षं जात होती. सण असो, सुगी असो, दुपारी अर्धा तास. लोक म्हणत, देशमुखाच्या बाईला, म्हणजे आईला, मावशीने भुरळ घातली. मी पायरीच्या खाली उभी राहून ऐके. कधी कधी मला वाटे, ताई आतल्या अंधाऱ्या खोलीत बसलेली आहे आणि मावशी फक्त दार धरून आहे.

मग रझाकारांची धामधूम सुरू झाली. आमच्याकडची पुष्कळ घरं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. आम्हीही वाशीमला जायचं ठरवलं. अण्णांनी मावशीला गाडीत जागा ठेवली होती. ती आली नाही. "माझ्या सगळ्या बाया हितंच हायत," ती म्हणाली. तिच्या घरात ती एकटीच होती.

निघायच्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं, माझा तळहात उघडला आणि त्यावर बोटाने ताईचे ठोके दिले. सहा आणि एक. मग म्हणाली, "आता तू दे." मी तिच्या गार तळहातावर दिले. ती मान हलवायची, पुन्हा द्यायला लावायची. गाडीवान हाका मारत होता. शेवटी ती म्हणाली, "बराबर. आता आईला तकलीफ न्हाई. रोज ऐकव."

वाशीमला मी रोज दुपारी तांब्याच्या घंगाळावर आईला ते ठोके ऐकवत असे.

पोलीस ॲक्शननंतर आम्ही परत आलो तेव्हा मावशी नव्हती. त्याच पावसाळ्यात गेली होती. कोणत्या दिवशी, ते कोणाला सांगता येईना. राधाबाई म्हणाली, "दोन दिवस दार बंद होतं. पर परातीचा आवाज येऊन राहिला होता, म्हणून कुणी लोटलं न्हाई. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला, मग गेलो. तर अंग केव्हाचं थंडगार." मावशीचं अंग तर नेहमीच गार असे. पण राधाबाईला काय म्हणायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर होतं.

"कुणाचं वाजवत होती?" आईने विचारलं.

"तेच तर वळखलं न्हाई. गावातल्या कुणाचंच नव्हतं. लई हळू होतं."

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. मावशीने गावातल्या प्रत्येक बाईचा हात धरला. तिचा मात्र कोणी कधी धरला नव्हता.

ती परात आईने मागून आणली. आई असेपर्यंत, म्हणजे आणखी एकवीस वर्षं, मी माहेरी गेले की तिच्यावर ताईचे ठोके देत असे. त्यानंतरही बोटाची सवय गेली नाही. मागच्या वेळी फोनवर तुम्ही विचारलंत ना, आजी, मागे टकटक कसली? ती हीच.

आता माझ्याकडे दाब मोजायचं यंत्र आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी रोज सोसायटीला दोन फेऱ्या घालते, आणि फिरण्याआधी, फिरून आल्यावर आणि बसून विश्रांती घेतल्यावर आकडे वहीत लिहिते. पूर्वी तिसरा आकडा पहिल्याजवळ यायचा. यंदा येत नाही. म्हैस डोहात बसली आहे.

गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद होती, म्हणून तीन जिने चढून आले. यंत्र लावण्याआधी सहज मावशीसारखा अंगठा मनगटावर ठेवला. शीर दबली नाही. खालच्या बोटाला ठोके लागत होते. सहा सरळ, कडक. सातवा घाईघाईने. मग जरा थांबल्यासारखं.

यंत्र लावायचं राहिलं. ताईचे ठोके माझ्या हातात आले, की बहात्तर वर्षं तिचे म्हणून मी माझेच वाजवत होते? मग आईला मी कोणाचे ऐकवले? हे आता सांगू शकेल अशी एकच होती.

डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा आपण फुगडी घालू. तुम्ही जोरात फिरा, मी हळू फिरेन. थांबल्यावर लगेच हात ओढून घेऊ नका. मला तुमचे ठोके नीट पाठ करायला थोडा वेळ लागेल.